तसं लिहिलं असेल तरच!

‘हल्ली जरा विसरायला होतं’ हे वाक्य घरात बोललं जातं, डॉक्टरांना सांगितलं जातं आणि बरेचदा तिथेच विरून जातं. खराडीतल्या ऑफिसात बसून अमेरिकेतल्या आजी-आजोबांच्या विसराळूपणाला नंबर देणारी एक पुणेकर कोडर सांगतेय, कागदावरच्या एका शब्दाने काय काय बदलतं... आणि तुमच्या आई-बाबांच्या फाइलमध्ये तो शब्द का हवा!

‘काय करतेस गं हल्ली?’
‘कोडिंग.’
‘अरे वा! जावा की पायथन?’

लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या गणपतीपर्यंत हा संवाद माझ्या वाट्याला इतक्या वेळा आलाय, की उत्तर आता तोंडपाठ आहे. ‘नाही काकू, मेडिकल कोडिंग. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि आजाराला नंबर द्यायचा.’ काकूंचा चेहरा जरासा पडतो. मग त्या विचारतात, ‘म्हणजे नाइट शिफ्ट का?’

तर मंडळी, आधी एवढं क्लिअर करू. अमेरिकेत पेशंट डॉक्टरकडे जातो, डॉक्टर नोट लिहितो. त्या नोटेवरून आजाराचा कोड ठरतो, त्या कोडच्या आधारावर बिल जातं आणि मग विमा कंपनी पैसे देते. हे कोड लावायचं काम मोठ्या प्रमाणावर भारतात होतं. चेन्नई, हैदराबाद, मुंबई आणि आपलं पुणं. मगरपट्टा, खराडी, हिंजवडीच्या काचेच्या बिल्डिंगांत बीएस्सी मायक्रो, बी. फार्म., बीएचएमएस, फिजिओथेरपी केलेली पोरं-पोरी हेच काम करत बसलेली असतात. रात्रपाळी बहुतेक करून विमा कंपन्यांना फोन करणाऱ्यांची. आम्ही कोडर दिवसा. फोन लॉकरमध्ये, टेबलावर कागद नाही, पेन नाही. पेशंटची माहिती बाहेर जाता कामा नये, हा अमेरिकेतला १९९६ सालचा कायदा आमच्या डेस्कपर्यंत पोचलेला आहे. (म्हणूनच या लेखातलं नोटांचं कुठलंही उदाहरण एका खऱ्या पेशंटचं नाही, हेही आत्ताच सांगून टाकते.)

गेली काही वर्षं माझ्याकडे वृद्धांच्या आणि मेंदूविकारांच्या फाइली असतात. त्यात एक आजार असा आहे, की त्याचं सगळं अस्तित्वच डॉक्टरांच्या लिहिण्यावर उभं असतं. ना तो एक्स-रेत दिसतो, ना एका रक्ततपासणीत. नाव आहे माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. लाडाचं नाव एमसीआय.

‘किंचित’ म्हणजे किती?

विसरणं सगळ्यांनाच येतं. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणं हा काही आजार नाही. दुसऱ्या टोकाला डिमेन्शिया. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ आठवतोय? स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात अल्झायमर झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली होती आणि अमृता सुभाषला २०१३ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला होता. घर कुठलं, मुलगी कोण, हे निसटून जाण्याची ती अवस्था.

एमसीआय या दोन्हींच्या मधला. स्मरण, लक्ष, भाषा किंवा हिशोब यात वयाच्या मानाने जास्त घट झालीय, घरच्यांना जाणवतेय, चाचणीत दिसतेय. पण माणूस आपला आपण आहे. बँकेत जातो, भाजी आणतो, औषधं घेतो. वेळ थोडा जास्त लागतो, चिठ्ठी लिहावी लागते, पण चालतंय. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रोनाल्ड पीटरसन यांनी १९९९ मध्ये या अवस्थेचे निकष मांडले आणि तेव्हापासून हा शब्द जगभरच्या दवाखान्यांत रुळला. डिमेन्शिया आणि एमसीआय यांच्यातली भिंत म्हणजे एकच प्रश्न: ‘रोजची कामं स्वतःची स्वतः होतात का?’

हे दुर्मिळ आहे असं समजू नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१८ मध्ये जगभरच्या अभ्यासांवरून काढलेले आकडे असे: साठ ते चौसष्ट वयात ६.७ टक्के लोकांना एमसीआय, पंच्याहत्तर ते एकोणऐंशीत १४.८ टक्के आणि ऐंशीनंतरच्या पाच वर्षांत २५.२ टक्के. पासष्टच्या पुढच्या एमसीआयवाल्यांपैकी सुमारे १५ टक्के लोक दोन वर्षांत डिमेन्शियाकडे गेले. म्हणजे बाकीचे तेवढ्यात गेले नाहीत. काही जण आहेत तिथेच राहतात, काही चक्क सुधारतात. म्हणूनच हा शब्द ऐकून हातपाय गाळायचं कारण नाही. पण न ऐकल्यासारखं करणं मात्र परवडणारं नाही.

कोडच्या नावातच अट!

आता आमच्या धंद्यातली गंमत. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या त्या वेळच्या कोडबुकात एमसीआयला पहिल्यांदा स्वतःचा नंबर मिळाला, ३३१.८३. त्याचं अधिकृत नाव होतं ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, सो स्टेटेड’. सो स्टेटेड! म्हणजे ‘तसं म्हटलं असेल तर’. आजाराच्या नावातच अट घातलेली. डॉक्टरांनी स्वतः तो शब्द लिहिला असेल, तरच हा कोड लावा. तुम्हाला वाटलं म्हणून नाही, चाचणीत मार्क कमी दिसले म्हणून नाही.

१ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिका नव्या कोडबुकावर गेली. साधारण चौदा हजार कोडचे जवळपास सत्तर हजार झाले, आमच्यासारख्यांच्या नोकऱ्याही वाढल्या आणि एमसीआयला नवा नंबर मिळाला: जी ३१.८४. शेपूट तेच, ‘सो स्टेटेड’. ते गेलं १ ऑक्टोबर २०२२ ला. त्या दिवशी एका कोडचे दोन रस्ते झाले. कारण माहीत नसेल किंवा खात्री नसेल तर जी ३१.८४. कारण माहीत असेल, म्हणजे थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, पार्किन्सन्स, डोक्याला झालेली जखम असं काही, तर आधी त्या कारणाचा कोड आणि मागोमाग एफ ०६.७ च्या घरातला.

एफ आणि जी यातला फरक फक्त अक्षराचा नाही. एफ म्हणजे मानसिक आजारांचं प्रकरण, जी म्हणजे मज्जासंस्थेचं. तेच विसरणं, तोच माणूस. पण डॉक्टरांनी ‘कशामुळे’ हे लिहिलं की नाही, यावर तो पुस्तकाच्या कुठल्या खोलीत बसणार ते ठरतं.

चौकट
एक विसरणं, सहा नंबर

ओपीडीच्या नोटेत डॉक्टरांनी काय लिहिलं, त्यावर आम्ही काय लावतो, बघा:

‘पेशंट म्हणतो विसरायला होतं’ – आर ४१.३. हे फक्त लक्षण, आजार नाही.

‘एमसीआय असण्याची शक्यता’ – पुन्हा आर ४१.३च. ओपीडीत ‘शक्यता’, ‘संशय’, ‘असावं’ यांना कोड नाही!

‘वयोमानानुसार झालेली घट’ – आर ४१.८१. म्हणजे काळजी नको, वय झालंय.

‘एमसीआय, कारण अजून स्पष्ट नाही’ – जी ३१.८४.

‘बी-१२ च्या कमतरतेमुळे एमसीआय, वागण्यात बदल नाही’ – आधी ई ५३.८, मग एफ ०६.७०.

‘सौम्य डिमेन्शिया, वागण्यात बदल नाही’ – एफ ०३.ए०. इथे मात्र माणूस भिंतीच्या पलीकडे गेला.

मार्क कमी, पण निकाल नाही

नव्या मुलांना ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट सांगते. नोटेत मोका नावाच्या चाचणीचे मार्क असतात. ही तीस मार्कांची परीक्षा कॅनडातल्या डॉ. झियाद नासरेद्दीन यांनी तयार केली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. घड्याळ काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, प्राणी ओळखा, पाच शब्द लक्षात ठेवून थोड्या वेळाने सांगा. २६ किंवा त्याहून जास्त म्हणजे साधारण ठीक. शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक मार्क बोनस.

समजा, नोटेत लिहिलंय ‘मोका २१’. पुढे निदानाच्या जागी फक्त ‘सहा महिन्यांनी या’. नवीन मुलगी विचारते, ‘मॅम, २१ म्हणजे एमसीआयच ना? लावू का जी ३१.८४?’ नाही लावायचा. २१ मार्क कशाने पडले? रात्री झोप झाली नसेल, ऐकू कमी येत असेल, नैराश्य असेल, नवी गोळी चालू झाली असेल, कदाचित डिमेन्शियाही असेल. मार्कांचा अर्थ लावायचा अधिकार डॉक्टरांचा. आम्ही फार तर प्रश्न पाठवू शकतो आणि त्या प्रश्नातही ‘एमसीआय म्हणू का?’ असं उत्तर सुचवायचं नाही. ‘या मार्कांचा वैद्यकीय अर्थ कृपया नोंदवावा’ इतकंच.

आमच्या धंद्यात एक म्हण आहे: कागदावर नाही, म्हणजे झालंच नाही. डॉक्टरांनी अर्धा तास बसून सगळं समजावलं असेल, पेशंटच्या मुलीचा हात हातात घेतला असेल. कागदावर ‘विसरायला होतं’ एवढंच असेल, तर आमच्यासाठी आणि पुढच्या डॉक्टरांसाठी तेवढंच घडलं.

उलटंही होतं. कुणीतरी एकदा घाईत ‘डिमेन्शिया’ टाइप केलेलं असतं. कॉम्प्युटरवर मागच्या वेळची नोट उचलून पुढे चिकटवायची सोय असते. मग तो शब्द वर्षानुवर्षं पुढे सरकत राहतो. आजी एकटी राहतायत, गाडी चालवतायत, ब्रिज खेळतायत. पण फाइलमध्ये डिमेन्शिया!

एका शब्दाची किंमत

यात एवढं काय बिघडतं? बरंच. कॅलिफोर्नियात डॉक्टरांना अशा निदानाची माहिती आरोग्य खात्याला कळवावी लागते आणि तिथून ती मोटार वाहन खात्याकडे जाते. जिथे भाजी आणायलाही गाडी लागते, तिथे लायसन्स गेलं की माणूस घरात कोंडला.

दुसरी बाजू औषधांची. लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये तात्पुरती आणि जुलैमध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. ही औषधं अल्झायमरमुळे झालेल्या एमसीआय किंवा सौम्य डिमेन्शियाच्या टप्प्यासाठीच आहेत. आजार बरा करत नाहीत, वेग थोडा कमी करतात आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वरचेवर एमआरआय करावे लागतात. टप्पा उलटून गेला की दार बंद. म्हणजे माणूस कुठल्या टप्प्यावर आहे, हे वेळेवर आणि तारखेसह लिहिलेलं असणं ही नुसती क्लार्कची कटकट उरली नाही.

आणि तिसरी, माझी आवडती. २०१८ पासून अमेरिकेत ९९४८३ नावाचा एक बिलिंग कोड आहे. विसराळूपणाचं निदान झालेल्या पेशंटसाठी सुमारे तासाभराची खास भेट. त्यात काय काय लिहिलेलं असावं याची यादीच आहे: रोजची कामं जमतात का, आजार कुठल्या टप्प्यावर, कुठली औषधं चालू, मनःस्थिती कशी, घरात आणि गाडीवर सुरक्षितता कशी, काळजी घेणारं कोण आणि त्याला किती झेपतंय, पुढच्या निर्णयांबद्दल बोलणं झालं का, आणि शेवटी लेखी योजना. पहिल्यांदा ही यादी वाचली, तेव्हा मनात आलं: ही तर घराघरात फ्रिजवर चिकटवायला हवी!

आपल्याकडची फाइल कुठे असते?

आता हडपसरचा पूल उतरून आपल्या गावात या.

अमेरिकेत पेशंटची फाइल दवाखान्यात असते. आपल्याकडे दाखल झालेल्या पेशंटचे कागद हॉस्पिटलने जपायचे असतात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार तीन वर्षं, आणि मागितले तर ७२ तासांत द्यायचे. पण एमसीआयसाठी कोणी ॲडमिट होत नाही. हा सगळा मामला ओपीडीचा आणि ओपीडीचा कागद पेशंटच्या हातात. म्हणजे कुठे? साडीच्या दुकानाच्या पिशवीत. सोनोग्राफीच्या पाकिटात बी-१२ चा रिपोर्ट, त्यात चार वर्षांपूर्वीची चष्म्याची पावती, आणि पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात!

माझ्या बाबांचीही अशीच पिशवी होती. बाबा सदुसष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब जुळवलेला माणूस. एका महिन्यात विजेचं बिल दोनदा भरून आले. रमीत कुठलं पान टाकून झालंय ते विसरायला लागले. तेच विचारणं दिवसातून तीनदा. बाकी सगळं ठणठणीत. ॲक्टिव्हा घेऊन मंडईत जाणार, भाव करणार, उरलेले पैसे मोजून घेणार.

पिशवीत वर्षभरातले तीन कागद निघाले. तीन वेगवेगळ्या ठिकाणचे. एकावर ‘विसराळूपणा, टॉनिक’. दुसऱ्यावर ‘वयानुसार’. तिसऱ्यावर नुसतीच गोळीचं नाव, आणि ती कशासाठी ते नाही. कोडरच्या नजरेने पाहिलं, तर आर ४१.३, आर ४१.८१ आणि कोरा कागद.

चौथ्या ठिकाणी मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा मी आधीच एक पान टाइप करून नेलं होतं. काय बदललं, केव्हापासून, कुठली कामं अजून स्वतः करतात, कुठली नाही. डॉक्टरांनी ते शांतपणे वाचलं. चाचणी घेतली, मार्क २२. बी-१२ आणि थायरॉइड तपासायला सांगितलं. प्रिस्क्रिप्शन लिहायला लागले, तशी मी म्हटलं, ‘डॉक्टर, निदान काय ते जरा स्पष्ट लिहाल का? मार्क, तारीख आणि रोजची कामं स्वतः करतात हेही?’

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘तुम्ही वकील का?’
‘नाही. कोडर.’
‘म्हणजे सॉफ्टवेअर?’

असो! पण त्यांनी लिहिलं. चार ओळी, वाचता येतील अशा अक्षरात.

रिक्षात बाबा गप्प होते. घरी आल्यावर म्हणाले, ‘हे असं लिहून कशाला घेतलंस? उद्या कोणी पाहिलं तर मला वेड्यात काढतील.’ मी कागद त्यांच्यापुढे धरला. ‘बाबा, तिसरी ओळ वाचा. स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः पाहतात, निर्णय समजून घेतात. हे डॉक्टरांनी सही करून दिलंय. आता कोणी काही म्हटलं, तर हा कागद तुमच्या बाजूने बोलेल.’ त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग कागद पिशवीत न टाकता स्वतःच्या कपाटात, पासबुकांच्या शेजारी ठेवला.

बी-१२ बरंच कमी निघालं. यात पुण्याच्या लोकांना नवल वाटायला नको. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुणे शहर आणि आसपासच्या ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! आपली वरण-भात-तूपवाली शाकाहारी थाळी कितीही प्रिय असली, तरी हे जीवनसत्त्व मिळतं ते प्राण्यांपासूनच्या अन्नातून. इंजेक्शनं झाली. सहा महिन्यांनी मार्क २४. डॉक्टर म्हणाले, ‘दोन मार्कांनी हुरळून जाऊ नका, बघत राहू.’ बरोबर आहे. पण ‘बघत राहू’ म्हणायला आधीचे २२ कुठेतरी लिहिलेले असावे लागतात.

फ्लॅट, सही आणि ‘साउंड माइंड’

पुण्यात सध्या प्रत्येक दुसऱ्या जुन्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू असते. सह्या लागतात. मृत्युपत्र करायचं असतं. इथे हा किंचित आजार एकदम गंभीर होतो.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार मृत्युपत्र करणारा माणूस ‘साउंड माइंड’चा, म्हणजे आपण काय करतोय हे समजणारा हवा. एमसीआय आहे म्हणून तो हक्क जात नाही. पण उद्या भावाभावांत वाजलं, तर कोणीतरी म्हणणारच, ‘त्या वेळी त्यांना कुठे काय कळत होतं?’ त्या दिवसांतल्या डॉक्टरांच्या कागदावर नुसतं ‘विसराळूपणा’ असेल, तर दोन्ही बाजूंचे वकील आपापला अर्थ काढतील. ‘एमसीआय, व्यवहार समजतात’ असं तारखेसह असेल, तर गोष्ट वेगळी.

कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निर्धास्त असाल, तर हेही ऐका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली, की ते संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते, तेव्हाच ते हातात राहत नाही. म्हणून सह्या, नॉमिनी, जॉइंट अकाउंट, मृत्युपत्र ही कामं करायची वेळ एमसीआयच्या टप्प्यावरची. बाबांच्या किंवा आईच्या स्वतःच्या मर्जीने, त्यांच्या देखत.

विम्याचंही थोडक्यात. आपल्या बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे ओपीडीतल्या एमसीआयचा खर्च खिशातूनच. नवी पॉलिसी घेताना निदान लपवायचा मोह होतो. नका करू. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. लपवलेलं सापडलं, तर मात्र क्लेमच धोक्यात. आणि ‘मेंटल’च्या खात्यात गेलं तर विमा मिळणार नाही, ही भीतीही आता जुनी झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आणि शारीरिक आजारांत भेद करायला मनाई केली आहे.

चौकट
घरच्या घरी ‘रेकॉर्ड डिपार्टमेंट’

जाण्याआधी एक पान लिहा: काय बदललं, केव्हापासून, उदाहरणासह. ‘विसरतात’ नको. ‘मार्चमध्ये विजेचं बिल दोनदा भरलं’ हवं.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्याही लिहा. काही गोळ्यांनीच डोकं जड होतं.

बी-१२, थायरॉइड, ऐकू येणं, झोप, मनःस्थिती. हे पाच प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका.

मोका चाचणी घेतली तर मार्क आणि तारीख लिहून घ्या. ती मराठीतही आहे. आईची भाषा मराठी असेल, तर परीक्षा इंग्रजीत कशाला?

नम्रपणे विचारा: ‘डॉक्टर, निदान, कारण आणि रोजची कामं जमतात का, एवढं लिहाल?’

कागद तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये. प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा. आभा कार्ड काढलं असेल तर त्यालाही जोडा.

आणि हे सगळं आई-बाबांच्या पाठीमागे नाही, त्यांना बरोबर घेऊन.

एका निळ्या फाइलची गोष्ट

१९०१ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. तिथल्या डॉक्टरांनी तिला प्रश्न विचारले आणि तिची उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवली. त्या डॉक्टरांचं नाव अलॉइस अल्झायमर. १९०६ मध्ये त्यांनी ही केस जगापुढे मांडली आणि पुढे आजाराला त्यांचंच नाव मिळालं. तिची फाइल मात्र हरवली. ती सापडली थेट १९९५ मध्ये, फ्रँकफर्टमध्येच, निळ्या पुठ्ठ्यात. नव्वदेक वर्षांनीही डॉक्टर ती वाचून तिच्याविषयी बोलू शकले. कारण कोणीतरी नीट लिहून ठेवलं होतं.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं. यातल्या अनेकांच्या आयुष्यात त्याआधी एक ‘किंचित’चा टप्पा येऊन गेला असणार. तपासण्या करायला, इंजेक्शनं द्यायला, सह्या करायला, मनातलं बोलून घ्यायला मिळालेली वर्षं. किती घरांत ती ‘वय झालं’ या दोन शब्दांत गेली असतील, कोण जाणे.

माझं म्हणणं एवढंच आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांनी कागद पुढे केला, की घडी घालून पिशवीत टाकण्याआधी तिथल्या तिथे वाचा. आजाराचं नाव नसेल, तर खुर्चीतून उठायच्या आधी विचारा. डॉक्टर चिडत नाहीत. फार फार तर विचारतील, तुम्ही वकील का म्हणून!